ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका

नेहमी वेगवेगळे प्रश्न घेते, पण या वेळी बहुतेक पत्रांत एकच रडगाणं आहे, माशांच्या टँकमध्ये परजीवी शिरले, औषध टाकलं, चार दिवस बरं वाटलं आणि परत आले. म्हणून या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. यातल्या बऱ्याच जणांचं औषध बरोबर आहे पण वेळेचं गणित चुकलंय, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे खालचं वाचताना सोपं जाईल.

प्रश्न: नमस्कार ताई, आमचा ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटरचा टँक आहे, त्यात टेट्रा, मॉली आणि एंजलची एक जोडी. नवीन टेट्रा आणून सोडले आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉटचं औषध टाकलं, तीन दिवसांत ठिपके गायब, मग पाणी बदललं, फिल्टरमध्ये नवीन कार्बन टाकला. पाच-सहा दिवसांनी आधीपेक्षा जास्त ठिपके. असं आता तिसऱ्यांदा झालंय, दोन टेट्रा गेले. डोस दुप्पट करू का? की सगळं रिकामं करून टँक धुवून काढू?

उत्तर: दोन्ही करू नका. आधी हा प्राणी काय करतो ते बघू, मग तुमचं तीनदा का फसलं ते आपोआप कळेल.

याला शास्त्रात इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस म्हणतात, हे नाव १८७६ पासून चालत आलंय, आपण सगळे इच म्हणतो. हा एकपेशी जीव. तुम्हाला दिसणारा पांढरा ठिपका माशाच्या कातडीवर चिकटलेला नसतो, तो कातडीच्या वरच्या थराच्या आत बसलेला असतो आणि वरून माशाचीच कातडी त्याला झाकते. पाण्यात टाकलेलं औषध तिथपर्यंत पोचतच नाही. आत बसून तो माशाच्या पेशी खातो, गोल गोल फिरत वाढतो, जवळजवळ एक मिलिमीटरपर्यंत, आणि पोट भरलं की कातडी फोडून बाहेर पडतो, तळाला जातो, खड्यावर, पानावर, फिल्टरच्या पाइपवर जिथे जमेल तिथे चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कवच करून घेतो. या कवचातही औषध नीट शिरत नाही. आत तो दुभागत राहतो, एकाचे शेकडो होतात, कधी हजारापर्यंत, आणि मग कवच फुटून ही सगळी पिल्लं पोहत सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषधानं मरतो तो फक्त हा पोहणारा टप्पा, बाकी दोन टप्प्यांत तो सुरक्षित असतो.

आता तुमचे तीन दिवस बघा. ठिपके गेले ते औषधानं गेले नाहीत, पोट भरलं म्हणून स्वतःच उतरून खाली गेले. तुम्हाला वाटलं बरं झालं, पाणी बदललं, कार्बन टाकला, कार्बननं उरलंसुरलं औषध शोषून घेतलं, आणि बरोबर त्याच वेळी तळातली कवचं फुटायला लागली. म्हणजे औषधाची खरी गरज ज्या दिवशी होती त्याच दिवशी तुम्ही ते काढून टाकलंत. तीनदा तेच झालंय.

हे चक्र किती दिवसांचं ते पाण्याच्या तापमानावर ठरतं आणि हेच लोक विचारात घेत नाहीत. २४ ते २६ अंशांना एक फेरी आठवड्याच्या आत पुरी होते, १५ अंशांच्या आसपास दोन आठवडे लागतात, १० अंशांच्या खाली तर महिना उलटून जातो. म्हणून बाटलीवर पाच दिवस लिहिलंय म्हणून पाच दिवस, असं धरून चालू नका. शेवटचा ठिपका दिसेनासा झाला त्या दिवसापासून, पाणी २५ च्या वर असेल तर आणखी किमान एक आठवडा आणि थंड असेल तर तीन-चार आठवडे औषध चालू ठेवायचं. कंटाळा येतो, मला माहितीये, पण चौथी फेरी त्याहून कंटाळवाणी आहे.

डोसचं म्हणाल तर दुप्पट तर नाहीच, उलट तुम्ही आत्ताही जास्त टाकत असाल अशी मला शंका आहे. ६० गुणिले ३० गुणिले ३६ भागिले १००० म्हणजे जवळजवळ ६५ लिटर, बहुतेक तुम्ही त्याच हिशोबानं मोजलंय. पण तळात पाच सेंटिमीटर खडे आहेत आणि पाणी काठापासून चार सेंटिमीटर खाली आहे असं धरा, मग पाण्याची खरी उंची २७ सेंटिमीटर, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस लिटर, खड्यांच्या फटीतलं धरून पन्नासच्या आसपास. ६५ चा डोस ५० लिटरमध्ये म्हणजे दर वेळी तीस टक्के जास्त. मेलाकाइट ग्रीनसारख्या औषधात टेट्राला एवढा फरक झेपत नाही. तुमचे दोन टेट्रा इचनं गेले की औषधानं, हे आता कोणीच सांगू शकत नाही. पट्टी घेऊन पाण्याची उंची मोजा, मोठे दगड-लाकूड असेल तर आणखी थोडं वजा करा.

आता करायचं काय. कार्बन काढा आणि कोर्स संपेपर्यंत परत टाकू नका, यूव्ही लाइट असेल तर तोही बंद कारण त्यानं रंगाची औषधं विरून जातात. फिल्टरचा स्पंज आणि मीडिया मात्र तसाच चालू राहू दे. रोज किंवा दिवसाआड सायफननं, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या नळीनं, खड्यांच्या आतपर्यंत तळ ओढून घ्या, दर वेळी पाचवा हिस्सा पाणी. हे मी सगळ्यात वर ठेवीन, औषधाच्याही वर, कारण खाली चिकटलेलं एक कवच ओढलं गेलं तर शेकडो पिल्लं जन्माआधीच बादलीत गेली. जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं औषध परत घालायचं, पूर्ण टँकचं नाही, आणि नव्या पाण्याचं तापमान जुन्याशी जुळलेलं हवं.

हीटरनं पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या, एका तासाला एक अंशापेक्षा जास्त नको, आणि हीटरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता थर्मामीटर लावा. तापमान वाढलं की चक्र भराभर फिरतं म्हणजे तो पोहणारा टप्पा लवकर लवकर हाती लागतो, आणि ३० ला पोचलं की बहुतेक इचची वाढच अडते. बहुतेक म्हणतेय कारण उष्णता सहन करणारे प्रकारही सापडलेत, म्हणून नुसत्या हीटरवर सोडू नका. आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात, त्यात इचनं कल्ले आधीच खराब झालेले असतात, वर फॉर्मलिनवालं औषध असेल तर ते स्वतःही ऑक्सिजन खातं. त्यामुळे एअर पंप दिवसरात्र चालू पाहिजे, पाण्याचा पृष्ठभाग हलताना दिसला पाहिजे.

तुमच्या टँकला मीठही चालेल, लिटरमागे दोन ग्रॅम, म्हणजे पन्नास लिटरला शंभर ग्रॅम, मगमध्ये विरघळवून दोन दिवसांत विभागून घाला, कोरडं मीठ माशांवर ओतू नका. मॉली तर मिठात खूश असतात. आयोडीनवालं मीठ चालतं का असं हमखास विचारतात, चालतं, त्यातलं आयोडीन एवढं कमी असतं की माशांना काही होत नाही. मीठ उडून जात नाही, म्हणून वाफेनं कमी झालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घाला, आणि सायफन करून दहा लिटर काढलंत तरच वीस ग्रॅम मीठ परत. नाजूक झाडं असतील तर ती कोमेजतील, ते गृहीत धरा.

एक मात्र तपासून घ्या. इचचे ठिपके सुटे सुटे, साधारण एकसारखे, कातडीत रुतल्यासारखे असतात. पांढरट चट्टे असतील, पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा फिकट पट्टा असेल, तोंडाभोवती कापसासारखं असेल तर ते कॉलमनॅरिस नावाचं बॅक्टेरियल दुखणं असू शकतं, त्यात पाणी गरम केलं तर मासे पटापट जातात. शंका असेल तर हीटरला हात लावू नका.

टँक धुवून काढायचा विचार सोडून द्या. धुतलेल्या टँकमध्ये तुम्ही तेच मासे परत सोडणार, कातडीतले ठिपके त्यांच्याबरोबर परत येणार, आणि फिल्टरमधले अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तेवढे फुकट जाणार.

प्रश्न: ताई, टँकमध्ये कोरीडोरस, दोन क्लाउन लोच आणि बरेचसे चेरी श्रिंप, शिवाय गोगलगायी. लोचवर इच आलाय. दुकानदार म्हणाला कॉपरवालं औषध जालीम आहे, दोन दिवसांत काम फत्ते. श्रिंपचं काय होईल?

उत्तर: श्रिंपचंच काम फत्ते होईल. कॉपर श्रिंप आणि गोगलगायींना अगदी थोड्या प्रमाणातही मारतं, आणि मऊ पाण्यात माशांनाही धोक्याचं. शिवाय दोन दिवसांत इच बरा करणारं औषध नाही, वरचं चक्र वाचलंत तर कळेलच.

तुमच्या बाबतीत सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे मासे हलवा, श्रिंप राहू द्या. इचला जगायला मासाच लागतो, श्रिंपवर किंवा गोगलगायीवर तो पोसला जात नाही. सगळे मासे, अगदी एकही ठिपका नसलेलेसुद्धा, वेगळ्या टँकमध्ये घ्या. मेन टँक २६ अंशांवर बिनमाशांचा ठेवला तर खालची कवचं फुटतील, पिल्लांना मासा मिळणार नाही आणि ती मरतील, आठवडा-दहा दिवसांत काम होतं, मी दोन आठवडे धरायला सांगते. औषधाचा एक थेंब न टाकता टँक साफ. पण एक मासा जरी आत राहिला, प्लेकोसारखा मासा लाकडामागे लपून बसला, तर ते दोन आठवडे वाया.

मासे ठेवायच्या टँकला खडे-बिडे काही नको, तळ नागडा ठेवा म्हणजे रोज सायफननं पुसून घेता येतो, लपायला पाइपचा तुकडा ठेवा कारण लोच घाबरून आपटतात, आणि मेन टँकमध्ये चाललेला स्पंज फिल्टर तिकडे लावा. कोर्स झाला की तो स्पंज ओला तसाच मेन टँकमध्ये परत नेऊ नका, नाहीतर पाहुणे परत आलेच. लोचला खवले अगदी बारीक, जवळजवळ नसल्यासारखे, त्यामुळे मेलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मलिन त्यांना लवकर बाधतं, म्हणून लेबलवर अशा माशांसाठी सांगितलेला कमी डोस, बहुतेक ठिकाणी तो अर्धा असतो, तेवढाच घ्या आणि दिवस मात्र कमी करू नका. कोरीडोरसला लोक बिनखवल्यांचा म्हणतात, खरं तर त्याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, पण औषधाला आणि मिठाला तोही हळवाच. मीठ दिलंत तर लिटरला एक ग्रॅमपासून सुरू करा आणि मासे बघत बघत वाढवा. क्लाउन लोचला ३० अंश आवडतात, कोरीडोरसच्या काही जाती थंड पाण्यातल्या आहेत, तुमची कुठली ते बघून ठरवा.

फॉर्मलिन हाताळताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेला दिसला तर ती बाटली वापरू नका, तो साका माशांना विषारी असतो. मेलाकाइट ग्रीनही उघड्या हातानं नको.

प्रश्न: गप्पीच्या मादीच्या गुदद्वारातून लाल केसासारखे दोन-तीन धागे बाहेर आलेत. पोहायला लागली की आत जातात. व्हाइट स्पॉटचं औषध आणि मिथिलिन ब्लू दोन्ही देऊन झालं, फरक नाही. आता आणखी तीन माशांना दिसतंय, एक नर वाळून काठी झालाय.

उत्तर: मासा स्थिर असताना बाहेर आणि हलला की आत, तुम्ही जे टिपलंय त्यावरूनच निदान झालं. विष्ठा अशी आत जात नाही. हा कॅमालॅनस जातीचा गोल कृमी, टँकमध्ये बहुतेक वेळा कॅमालॅनस कोटाय, आतड्याला तोंडानं घट्ट धरून रक्त पितो म्हणून लाल दिसतो. निसर्गात याची अळी आधी सायक्लॉप्ससारख्या बारीक जीवाच्या पोटात जाते आणि तिथून माशात, पण टँकमध्ये मधला जीव नसला तरी हा माशातून माशात जातो, म्हणूनच गप्पीच्या टँकमध्ये एकदा शिरला की सगळ्यांना धरतो. मादी कृमी अंडी न घालता जिवंत अळ्याच सोडते, त्या तळाला वळवळतात आणि मासे खाणं समजून गिळतात.

इचचं औषध, मिथिलिन ब्लू, मीठ, यांपैकी कशानंच याला काही होत नाही. प्राझिक्वांटेलही इथे चालत नाही, ते चपट्या कृमींचं औषध आहे. इथे लेव्हामिसोल लागतं. लिटरमागे दोन मिलिग्रॅम लेव्हामिसोल, म्हणजे पन्नास लिटरला १०० मिलिग्रॅम. पण हे जनावरांचं औषध म्हणून पावडरमध्ये येतं आणि प्रत्येक पावडरमध्ये त्याचं प्रमाण वेगळं. १० टक्के लिहिलं असेल तर १०० मिलिग्रॅमसाठी एक ग्रॅम पावडर घ्यावी लागेल. लेबल न वाचता चमच्यानं घालू नका, पशुवैद्यांना विचारून घेतलंत तर उत्तमच.

आधी तळ स्वच्छ सायफन करा, कार्बन काढा, मग औषध घाला आणि टँकचा लाइट बंद करून वरून कापड टाका, उजेडात लेव्हामिसोल खराब होतं. हे औषध कृमीला मारण्यापेक्षा लुळं करतं, पकड सुटते आणि मासा त्याला बाहेर टाकतो. म्हणूनच २४ तासांनी तळ पुन्हा अगदी मन लावून ओढायचा आणि निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं, नाहीतर खाली पडलेलं परत कोणाच्या तरी पोटात. दोन ते तीन आठवड्यांनी हेच सगळं पुन्हा करायचं, दिसायला सगळे ठणठणीत असले तरी. पहिल्या वेळी ज्या अळ्या वाचल्या त्या एव्हाना माशांत जाऊन मोठ्या होत असतात, त्यांच्यासाठी हा दुसरा डोस. लाल धागा गुदद्वाराबाहेर यायला कृमी चांगला मोठा व्हावा लागतो, म्हणून ज्याला दिसत नाही त्यालाही आहे असंच धरा. औषध पूर्ण टँकला.

दुसरा पर्याय फेनबेंडाझोल, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही म्हणून खाण्यात मिसळून द्यावं लागतं, आणि नेराइटसारख्या गोगलगायी त्यानं मरतात. जो मासा खायचाच थांबलाय त्याला त्याचा काय उपयोग, म्हणून मी आधी लेव्हामिसोलच म्हणेन. वाळलेल्या नराचं मात्र खोटं सांगत नाही, कृमी पडले तरी आतड्याला झालेल्या जखमा राहतात आणि असा मासा पुष्कळदा वाचत नाही.

प्रश्न: ताई, मी सातवीत आहे. माझ्या टँकच्या काचेवर पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक किडे वळवळत असतात. ते माझ्या फायटरच्या पोटात जातील का? आई म्हणते टँक टाकून दे.

उत्तर: टँक टाकू नकोस. ते पाण्यात सुटे वळवळत असतील तर ते तळातला कचरा खाणारे किडे, माशाच्या अंगात राहणारे नव्हेत. फायटरनं खाल्ले तरी त्याला मेजवानीच. काचेवरून गोगलगायीसारखे सरकत असतील आणि डोकं बाणासारखं त्रिकोणी असेल तर ते प्लॅनेरिया, मोठ्या माशाला त्यांचाही काही त्रास नाही, श्रिंपच्या पिल्लांना असतो. दोन्ही एवढे दिसायला लागलेत म्हणजे तू खाणं जास्त टाकतोयस किंवा टाकतेयस. फायटरला दोन मिनिटांत संपेल एवढंच दे, आठवड्यातून एक दिवस उपास, खड्यांमधला कचरा सायफननं काढ. आईला ही पत्रिका वाचायला दे.

प्रश्न: माझे गोल्डफिश सारखे अंग घासतात, एकाचा एका बाजूचा कल्ला बंदच असतो. ठिपके एकही नाही. इच समजून दोन कोर्स केले. हा परजीवीच आहे ना?

उत्तर: ठिपका नसला तरी इच कल्ल्यांत असू शकतो, तिथूनच बऱ्याचदा सुरुवात होते, त्यामुळे तुमचा संशय वाकडा नव्हता. पण दोन कोर्स नीट झाले असतील तर आता दुसरीकडे बघू या. आणि परजीवीच्याही आधी टेस्ट किट. अमोनिया, नायट्राइट शून्य आहे का, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारता का? अंग घासायला ही कारणंही पुरतात आणि मग कितीही औषध ओता.

पाणी चांगलं निघालं तर मग संशय फ्लूकवर, तुमच्या वर्णनावरून तरी. हे चपटे कृमी डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, मागच्या बाजूच्या आकड्यांनी धरून बसतात. गायरोडॅक्टायलस कातडीवर जास्त, डॅक्टायलोगायरस कल्ल्यांत. गायरोडॅक्टायलस तर ऐकून विश्वास बसणार नाही असा प्रकार आहे, तो पिल्लू जन्माला घालतो आणि त्या पिल्लाच्या पोटात आधीच पुढचं पिल्लू वाढत असतं. शाळेत असतो तसा साधा मायक्रोस्कोप मिळाला तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काचेच्या पट्टीवर हलकेच घेऊन शंभरपट मोठा करून बघा, आकडे दिसतात, शंकाच राहत नाही.

औषध प्राझिक्वांटेल, लिटरमागे दोन ते अडीच मिलिग्रॅम. पावडर पाण्यावर तरंगत राहते, म्हणून आधी छोट्या बाटलीत टँकचंच पाणी घेऊन चांगली हलवा आणि मग घाला, एअर पंप चालू ठेवा. गायरोडॅक्टायलस असेल तर एका कोर्समध्येही जातो कारण अंडी नाहीत. डॅक्टायलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांना प्राझिक्वांटेल काही करत नाही, म्हणून २५ अंशांच्या आसपास आठवड्यानं पुन्हा, आणि थंड पाण्यात अंडी उशिरा फुटतात म्हणून अंतर वाढवून. कुठला आहे माहीत नसेल तर डॅक्टायलोगायरसच समजा. फ्लूक कमी झाल्यावरही कल्ला काही दिवस बंद राहील, सूज उतरायला वेळ लागतो.

गोल्डफिशवाल्यांसाठी जाता जाता, नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या काठावर विणीच्या काळात ओळीनं पांढरे दाणे येतात. बाकी अंग स्वच्छ, मासा धडधाकट आणि मादीच्या मागे लागलेला. तो इच नाही, त्याला औषध देऊ नका.

प्रश्न: तुम्ही दर वेळी क्वारंटाइनचा धोशा लावता. इच तर प्रत्येक टँकमध्ये झोपलेला असतोच, मासा स्ट्रेसमध्ये आला की बाहेर येतो. मग वेगळा टँक मांडून काय मिळवायचं?

उत्तर: अर्धं बरोबर आहे तुमचं. थंड पाण्याचा झटका बसला, अमोनिया वाढला, गर्दी झाली की माशाची प्रतिकारशक्ती पडते आणि इच पसरतो, हे खरं. इचमधून वाचलेल्या माशाला बऱ्यापैकी प्रतिकार येतो आणि असा मासा वरून तंदुरुस्त दिसत असताना कल्ल्यांत एखाद-दुसरा परजीवी बाळगून असू शकतो, हेही खरं. पण झोपलेला असतो हे नाही. वर चक्र दिलंय त्यात कुठेच महिनोन्महिने मासा नसताना पडून राहायची सोय नाही. तो येतो तेव्हा कशाबरोबर तरी येतो, नवा मासा, पिशवीतलं पाणी, ओली जाळी, दुसऱ्याच्या टँकमधलं झाड, गोगलगायीच्या कवचावर चिकटून. स्ट्रेस असलेला पण इच कधी न शिरलेला टँक असेल तर मासे दुसऱ्या कशानं आजारी पडतील, इचनं नाही.

म्हणून धोशा चालूच राहणार. नवा मासा चार आठवडे वेगळा, आणि त्या वेळात पाणी उगाच थंड ठेवू नका, २५-२६ ठेवलं तर लपलेलं काय ते दिसतं. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. नवी झाडं बिनमाशांच्या बादलीत दहा-बारा दिवस. जाळी प्रत्येक टँकची वेगळी किंवा पूर्ण वाळवून, वाळलं की इच संपतो.

प्रश्न: कोई माशाच्या अंगातून दोऱ्यासारखं बाहेर आलेलं अँकर वर्म चिमट्यानं ओढून काढलं. दोन-तीन आठवड्यांत पाच नवीन. चिमटा चुकतोय का?

उत्तर: चिमटा बरोबर आहे, तो पुरेसा नाही. अँकर वर्मचं शास्त्रीय नाव लर्निया, जे दिसतं ते त्याच्या मादीचं मागचं अंग, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या, आणि डोकं नांगरासारखं मांसात रुतलेलं. ही मादी ओढायच्या आधीच अंडी सोडून मोकळी झालेली असते. अळ्या पाण्यात आणि माशांच्या कल्ल्यांत वाढतात, नर जोडी जमल्यावर मरतो, माद्या कातडीत घुसतात, आणि २५ च्या वरच्या पाण्यात ही फेरी साधारण तीन आठवड्यांची, म्हणजे तुमचा हिशोब अगदी जुळतो.

अळ्यांसाठी डायफ्लुबेन्झुरॉन वापरतात, ते कात टाकणं अडवतं म्हणून वाढणाऱ्या अळ्याच मरतात, रुतलेली मोठी मादी नाही. तिला चिमटाच, कातडीच्या अगदी जवळ धरून, घुसलीये त्याच दिशेनं सरळ ओढायचं, म्हणजे डोकं आत तुटून राहत नाही. श्रिंप असतील तर हे औषध नको, तेही कात टाकतात. जखमेवर लक्ष ठेवा, लाली पसरली तर ते बॅक्टेरियल इन्फेक्शन, त्याचा इलाज वेगळा.

प्रश्न: औषध चालू असताना खायला द्यायचं की नाही? आणि लसणाचा रस देऊन इच जातो का?

उत्तर: द्यायचं, पण कमी, दिवसातून एकदा, आणि उरलेलं लगेच काढायचं. औषधांमुळे फिल्टरमधले बॅक्टेरिया दबतात, मिथिलिन ब्लूनं तर जास्तच, अशा वेळी सडलेलं खाणं म्हणजे सरळ अमोनिया. दिवसाआड टेस्ट करा, अमोनिया दिसला तर पाणी बदला आणि तेवढ्या पाण्याचं औषध परत घाला. लसणाच्या वासानं रुसलेला मासा कधी कधी तोंड उघडतो, तेवढ्यासाठी द्यायचा तर द्या. तळात कवचात बसलेल्या इचपर्यंत लसूण पोचत नाही, तिथे सायफनच चालवावा लागतो.